सूज यायची वाट

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण दात हाच तिचा धंदा होता. बाजारामागच्या एका लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवत, मापावरून प्लास्टरचा साचा होई, आणि साच्यावर मेणात एकेक दात बसवून, हिरडीला खऱ्यासारखा उठाव देऊन जबडा उभा करायचा, हे तिचं काम. मेण जास्त तापलं की ओघळतं, गार झालं की तडकतं. मधल्या एवढ्याशा वेळात सुरीचं टोक हवं तिथे आणि हवं तेवढंच फिरलं पाहिजे. आजूबाजूची निम्मी म्हातारी मंडळी तिच्या हातचे दात लावून जेवत होती आणि तेच दात खाऊन सुनांवर डाफरत होती.

लॅबचा एक नियम मालकांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितला होता. पॉलिश झाल्याशिवाय कवळी कोणाला दाखवायची नाही. अर्धवट काम बघितलं की गिऱ्हाईक घाबरतं आणि डॉक्टर खुसपटं काढतात. इतक्या वर्षांत हा नियम तिच्या असा काही अंगवळणी पडला की तिने तो स्वतःलाही लावून टाकला. घोड्याने पेंड खाल्ली ती इथेच.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिची बोटं हलेनात. मूठ मिटत नव्हती, आणि ओढूनताणून मिटली तर सुटत नव्हती. मग मनगटं, मग घोटे, मग गुडघे. उठल्यावर जवळजवळ अर्धी सकाळ अंग तिचं नसायचंच. दुपार कलली की सगळं हळूहळू सैल पडे आणि आपण उगाच नाटक केलं की काय असं तिचं तिलाच वाटे. नेहमीच्या डॉक्टरांनी आधी हवेला दोष दिला, मग वयाला, मग कॅल्शियमला. रक्त तपासलं तर रिपोर्ट स्वच्छ. शेवटी ते म्हणाले, "सांध्यांच्या खास डॉक्टरला दाखवा." म्हणायला त्यांच्या बापाचं काय जात होतं? पोटाचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, केस गळतीचे डॉक्टर गल्लोगल्ली होते. सांध्यांची डॉक्टर अख्ख्या मुलखात एकच होती, आणि ती गावोगावच्या सरकारी दवाखान्यांतून फिरायची. इथे तिची पाळी चार महिन्यांतून एकदा, एक दिवस. एका खेपेला दातवालीचा नंबर आला नाही, दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईच आल्या नाहीत. तिसऱ्या खेपेची वाट बघत घर बसलं होतं.

तोवर काम तर चाललंच पाहिजे. तिचा नवरा वायरमन. बोलायला रगेल, पण बायकोचं दुखणं बघवायचं नाही त्याला. त्याने सगळी जोडणी करून दिली होती. पहाटे उठून तो परातीत कढत पाणी आणायचा, ती त्यात कोपरापर्यंत हात बुडवून बसायची. मग दुखण्याची गोळी. मेणाच्या सुरीची मूठ त्याने काळी टेप गुंडाळून गुंडाळून गाजराएवढी जाड केली होती. ती लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बर्नरच्या आचेवर बोटं शेकायची, म्हणजे बाकीचे येईपर्यंत हात चालू. आणि जड कामाच्या दिवशी, म्हणजे पुऱ्या बत्तिशीची घाई असली की, औषधवाल्याकडची एक छोटी पांढरी गोळी. ती घेतली की सूज अशी उतरायची, जणू कधी आलीच नव्हती. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात ना, तसे दातवालीचे हातही दोन प्रकारचे झाले होते. पहाटेचे घरातले आणि दिवसाचे दाखवायचे.

मालकांना हे कळता कामा नये, ही तिची शपथ होती. प्लास्टरवाल्या मामांचा हात थरथरायला लागला तेव्हा मालकांनी त्यांना हार घातला, घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. घड्याळ चांगलं होतं. मामा आता दिवसभर ते बघत बसत.

तर शेवटी दवाखान्याचा दिवस उजाडला. नवऱ्याने पहाटेच परात मांडली. पाणी नेहमीपेक्षा कढत, दुखण्याची गोळी, आणि वर पांढऱ्या दोन.

"दोन कशाला?" ती म्हणाली.

"अगं, आज मोठं काम आहे. दिवसभर बाकावर बसायचंय. तिथे विव्हळत बसलीस तर मला नाही बघवणार."

तिलाही पटलं. चार माणसांत जायचं तर नीट दिसावं, डॉक्टरांपुढे रडकुंडीला आलेलं तोंड घेऊन काय जायचं. घटकाभराने बोटं इतकी सुटली की कित्येक महिने डबीत पडलेली अंगठी तिने सहज म्हणून घालून पाहिली, तर ती सरकन बसली. ही अंगठी नवऱ्याने पहिल्या पगारातून केलेली. तो इतका खूश झाला की त्याने तिचा हात दिव्याखाली धरून पुन्हापुन्हा पाहिला. अशी दोघं, लग्नाला निघाल्यासारखी, सांधे दाखवायला निघाली.

दवाखान्याच्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी काठीवर, कोणी मुलाच्या खांद्यावर, एक बाई तर भिंतीला टेकून उभीच, कारण बसली तर उठवणार कोण? दातवालीच्या मागचा नंबर एका म्हाताऱ्या पोस्टमनकाकांचा होता. पायात चपला होत्या, पण पट्टे सोडलेले. घोटे भोपळ्यासारखे.

"सगळे म्हणतात चालून चालून गेले पाय," काका म्हणाले. "मी म्हणतो, जन्मभर सायकल हाणली मी. मग सायकलचे पाय का नाही गेले?"

"लांबून आलात?"

"दोन गाड्या बदलून. पण माझं काय, थांबायची सवय आहे. लोकांनी दार उघडेपर्यंत थांबण्यात हयात गेली." मग तिच्या हातांकडे पाहून म्हणाले, "तुम्ही कोणासोबत आलात?"

तिला एकदम कसंनुसं झालं. "मीच पेशंट आहे," ती म्हणाली. काकांनी मान हलवली, पण त्यांना ते खरं वाटलं नाही हे तिला दिसलं.

तिचा नंबर लागला तेव्हा ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर न उघडलेला डबा. त्यांनी तिचे हात हातात घेतले आणि एकेक सांधा दोन बोटांत धरून दाबत गेल्या. ज्या हातांनी आपण मेण चाचपतो तसेच हे हात आहेत, असं दातवालीला वाटलं.

"दुखतं?"

"आत्ता नाही तसं."

"इथे?"

"थोडं."

"मूठ मिटा." तिने मिटली. डॉक्टरीणबाईंनी आपली दोन बोटं त्या मुठीत दिली. "दाबा. अजून." तिने दाबली. मूठ चांगली घट्ट होती. डॉक्टरीणबाईंनी अंगठीकडे पाहिलं, रिपोर्ट पाहिले, एक्स-रे उजेडाला धरला आणि खाली ठेवला.

"यात काहीच नाही," त्या म्हणाल्या.

नवरा पुढे झाला. "अहो बाई, पहाटे बघा हिला. पहाटे ही चमचा धरू शकत नाही."

"आज पहाटे काय घेतलं?"

नवऱ्याने खिशातून पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. छाती फुगवून ठेवली, असंच म्हणायला हवं. इतकी काळजी कोणता नवरा घेतो? डॉक्टरीणबाईंनी पुडी उघडली आणि खुर्चीत मागे टेकल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकलेल्या दिसल्या.

"दोन घेतल्या?"

"हो. म्हणजे नीट बसता यावं म्हणून."

"आणि हात गरम पाण्यात?"

"ते तर रोजच."

"म्हणजे मी जे बघायला आले ते तुम्ही घरीच पुसून आलात," त्या म्हणाल्या. "ताई, मला संशय कशाचा आहे ते मला कळतंय. पण त्याची औषधं साधी नाहीत. यकृताला झोंबतात, रक्त खालावतात. तुमच्या रक्तात पुरावा नाही, फोटोत नाही, आणि आता बोटांतही नाही. नुसत्या ऐकण्यावर ती कशी सुरू करू?"

"मोबाइलवर फोटो?" नवरा म्हणाला, आणि लगेच त्याला आठवलं की सुजलेल्या हातांचा एकही फोटो तिने कधी काढू दिला नव्हता.

"फोटोत सूज दिसेल. ती आतल्या अस्तराची की नुसती वरची, हे दाबल्याशिवाय नाही कळत." त्यांनी पुन्हा तिची करंगळी उचलली आणि किंचित बाजूला ढकलून पाहिली. "ही जरा सरकायला लागली आहे. एकदा बोटं अशी वळली की कुठलंही औषध ती सरळ करत नाही. आत्ता सुरू केलं तर थांबवता येईल. पुढच्या खेपेला, चार महिन्यांनी, मी काही सांगू शकत नाही."

दातवालीने करंगळीकडे पाहिलं. मेणात दात इतका जरी कलला तरी ती अख्खा जबडा उकलून परत बांधायची. चार महिने म्हणजे हात गेला, आणि हात गेला म्हणजे मामांचं घड्याळ.

दारातून सिस्टरने डोकावून घड्याळाकडे बोट केलं. डॉक्टरीणबाईंनी पुडी पुन्हा उचलली. मग म्हणाल्या, "ही पांढरी स्टिरॉइडची गोळी रोज घेता?"

"नाही. महिन्यातून एखाद-दोनदा."

"नक्की? रोज घेत असाल तर अशी एकदम सोडायची नसते."

"नक्की. देवाशप्पथ."

"मग ऐका. मी रात्री इथेच मुक्कामाला आहे, मागच्या क्वार्टर्समध्ये. पहाटेच्या गाडीने पुढच्या गावी जाणार. त्याच्या आधी या. गोळी नाही, गरम पाणी नाही, शेक नाही, मलम नाही. उठाल तशा या. सूज आली असली तर बघेन. नसली तर..."

बाहेर आल्या आल्या सिस्टरने दार ओढून घेतलं. डॉक्टरीणबाईंना वॉर्डातले पेशंट बघायचे होते. उरलेल्यांनी पुढच्या खेपेला यायचं. उरलेल्यांत पहिले पोस्टमनकाका. दातवाली आत होती तेवढ्या वेळात त्यांचा नंबर सहज निघाला असता. तिला काकांकडे बघायचा धीर झाला नाही.

घरी आल्यावर काय गंमत बघा. दोन वर्षं ज्या सुजेला शिव्या घातल्या तिची दोघं पाहुण्यासारखी वाट बघायला लागली. नवरा दर थोड्या वेळाने विचारी, "काही दुखतंय का?" आणि ती नाही म्हणाली की तोंड पाडी. निजण्याआधी ती अंगठी काढायला गेली तर त्याने हात धरला.

"राहू दे. हा आपला टेस्टर. सूज आली की लगेच कळेल."

वायरमनच्या डोक्यातून निघालेली अक्कल. तिलाही त्या घडीला ती बरी वाटली.

सूज आली. अशी आली की तोंडात बोळा कोंबावा असं तिला वाटलं, पण बोळा कोंबायला बोटं तर हवीत. खिडकी करडी झाली होती. खांद्यापासून घोट्यापर्यंत सगळं जागच्या जागी खिळलेलं. तिने हात उशीवर कसाबसा सरकवला आणि पाहिला. सांधे तट्ट फुगलेले, आणि मधल्या बोटाशेजारचं बोट, अंगठीच्या वर, जांभळट काळं पडत चाललेलं. टेस्टर लागला होता.

स्वयंपाकघरात पाण्याचा आवाज झाला. नवरा परात घेऊन आला, वाफा निघत होत्या, आणि त्याने ती नेहमीसारखी तिच्या पुढ्यात पलंगावर ठेवली. रोजची सवय, हाताला लागलेली. डोळ्यांवरची झोप उतरली नव्हती. दातवालीचे हात त्या वाफेकडे आपण होऊन ओढले गेले. खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला चार महिने, करंगळी, लॅब, काही आठवलं नाही. फक्त ते पाणी हवं होतं. तळवा पाण्याला टेकायला वीतभर उरला होता.

"अहो," ती म्हणाली. "न्या ते. लवकर न्या, नाहीतर मी बुडवीन."

तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले. त्याने परात उचलली आणि न्हाणीत नेऊन पालथी केली. अंगठी बघून तर त्याचा चेहराच उतरला. धावत जाऊन त्याने कामाची पक्कड आणली, पण पकडीचं तोंड जाड, अंगठी आणि मांस यांच्यात शिरेना. ती ओरडली नाही, पण तिने ओठ चावला तो रक्त येईपर्यंत.

"ठेवा. त्या बघतील. आधी मला उठवा."

उठवणं म्हणजे तरी काय? पाय जमिनीला टेकले की घोट्यांतून कळ मस्तकात जात होती. त्याच्या स्कूटरवर मागे बसायचं तर त्याला धरायचं कशाने? या वेळी रिक्षा म्हणजे वाळूत तेल शोधणं. डॉक्टरांना दाखवायचं दुखणं आलं होतं, आणि त्या दुखण्यानेच तिला जागच्या जागी बसवलं होतं. खिडकी करड्याची पांढरी होत चालली होती.

नवरा तिच्याकडे बघत उभा राहिला. दोन गल्ल्या सोडून मालकांचं घर, दारात त्यांची जुनी मोटार. त्याला ते कधीचंच सुचलं होतं, पण शपथ तिची होती. तो तोंडातून ब्र काढेना.

"जा," ती म्हणाली. "मालकांना बोलवा."

"बघ हं. एकदा सांगितलं की परत..."

"जा म्हणते ना."

तो गेला. ती पलंगाच्या कडेला एकटी बसून राहिली. आता नोकरी गेली, हे तिने मनात स्वच्छ म्हणून घेतलं. म्हटल्यावर थोडं हलकं वाटलं, पण फार नाही. बोट ठणकत होतं आणि बाहेर कुठेतरी पहिली बस सुरू झाल्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाई एव्हाना पिशवी भरत असतील.

मालक आले ते झोपेतल्या कपड्यांत, अंगावर कोट चढवून, आणि तोंडाचं बोळकं. घाईत कवळी पाण्याच्या वाटीतच राहिली होती. ती कवळी दातवालीनेच केलेली. जन्मभर जे पॉलिशशिवाय काही दाखवू देत नव्हते ते मालक तिने पहिल्यांदाच असे पाहिले, आणि मालकांनी तिला. दोघांनीही नजर वळवली नाही.

"किती दिवस हे?" बोळक्यातून शब्द नीट फुटत नव्हते.

"दोन वर्षं."

"दोन वर्षं रोज सगळ्यांच्या आधी येता तुम्ही. मला वाटायचं, लवकर येऊन माझ्या मालातून खासगी कामं उरकता." "तीनदा मेणाचे डबे मोजले मी."

"मोजा. मेण एक गुंजभर कमी असेल तर सांगा." ती दुखण्याच्या भरात बोलून गेली आणि बोलल्यावर तिला धास्ती वाटली. पण मालकांनी नुसता तिच्या काखेत हात घातला, दुसरीकडून नवऱ्याने घातला, आणि दोघांनी तिला उचलून मोटारीत ठेवलं.

क्वार्टर्सच्या फाटकाशी डॉक्टरीणबाई पिशवी पायाशी ठेवून उभ्या होत्या आणि फोनवर कोणाशी तरी तिखट आवाजात बोलत होत्या. दवाखान्याची जीप एका अडलेल्या बाळंतिणीला आणायला गेली होती. गाडीची वेळ होत आली होती. बाजूच्या बाकावर पोस्टमनकाका पाय लांब करून बसलेले, अंगावर वर्तमानपत्र. ते रात्री तिथेच राहिले होते. मोटार थांबली तशी डॉक्टरीणबाईंनी फोन खाली केला, दार उघडलं आणि आत न बसता रस्त्यावरच गुडघे टेकले.

"आधी ही अंगठी काढा."

मालकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून बारीक चोचीची कात्री काढली. कवळीच्या आकड्यांची तार कापायची. हजारो तारा कापलेला हात, पण आता तो जरा घुटमळला. मग चोच अंगठीखाली सरकवून त्यांनी दाबली. कट्ट झालं. नवऱ्याने तुकडे उचलले आणि खिशात टाकले.

डॉक्टरीणबाई एकेक सांधा दाबत गेल्या. "दुखतं?"

"हो."

"इथे?"

"हो."

"इथे?"

"हो, हो, दुखतं." दोन वर्षं नाही म्हणायची सवय. प्रत्येक होबरोबर तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिच्यापाशी हात नव्हता. मूठ मिटा म्हटल्यावर बोटं अर्ध्यात अडकली. डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबलं, घोटा दाबला, मग तिचा तळवा आपल्या तळव्यावर तसाच ठेवून घेतला.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच काल हवं होतं मला." मग मोटारीच्या टपावर कागद ठेवून भराभर लिहायला लागल्या. आमवात आहे, शरीर आपल्याच सांध्यांचं अस्तर खातं. यकृताचं विचारलं, दारूचं विचारलं, मूल हवं आहे का ते विचारलं. "ही गोळी आठवड्यातून एकदाच. वार ठरवा. चुकून रोज घेतलीत तर जिवावर बेतेल. आधी आजच रक्त द्या, रिपोर्ट मला फोनवर पाठवा, मी हो म्हटलं की सुरू. मग दर महिन्याला रक्त. आणि ती पांढरी स्वतःच्या मनाने पुन्हा नको."

"हात वाचेल?" नवऱ्याने विचारलं.

"आत्ता तरी वाचवण्यासारखा आहे." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उठल्या. गुडघ्यांना धूळ लागली होती. "माझी गाडी मात्र गेली बहुतेक."

"बसा," मालक म्हणाले. "मी सोडतो."

डॉक्टरीणबाईंनी पिशवी उचलली, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष बाकावर गेलं. काका काही मागत नव्हते. नुसते बघत होते, दार उघडायची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

"काका, स्टेशनापर्यंत येता? बसा मागे. पाय माझ्या मांडीवर द्या. चप्पल राहू द्या इथेच."

मग मोटारीत जागा कोणाची, हा प्रश्नच उरला नाही. दातवालीने स्वतःच पाय बाहेर काढले. नवऱ्याने तिला उचलून बाकावर ठेवलं आणि काकांना उचलून मोटारीत. मालक सुरू करता करता खिडकीतून वाकले. बोळक्यामुळे त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

"रक्त देऊन घरी जा. उद्यापासून दुपारी या. हात उघडले की. सकाळी मी बघतो काय ते." आणि मग, जरा गुर्मीत, "ती सुरीची मूठ मलाही दाखवा. जाड आहे ते बरं आहे."

मोटार गेली. बाकाखाली काकांच्या चपला राहिल्या. ती घरापासून कोसभर लांब, अंग आखडलेलं, गाडी नाही, आणि तरी तिला बरं वाटत होतं. नवरा मात्र अजून खिशातले तुकडे चाचपत होता.

"कॅन्टीन उघडलंय," तो भीत भीत म्हणाला. "पाणी आणू? आता चालेल?"

"आता आणा."

तो मोठं पातेलं घेऊन आला आणि बाकावर ठेवलं. तिने कोपरापर्यंत हात बुडवले. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. शाल ओढून घ्यावी असं तिच्या मनात आलं खरं, पण ओढायला हात पाण्यात होते.

फाटकातून एक बाई आली. हळू, भिंतीच्या आधाराने. काल ती बोळात उभी होती, बसली नव्हती ती. जवळ आल्यावर तिने विचारलं, "ताई, सांध्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत का अजून?"

"आत्ताच गेल्या. चार महिन्यांनी आता."

बाईने आपले हात पिशवीच्या मागे घेतले. ही हालचाल दातवालीला चांगली ठाऊक होती.

"पुढच्या वेळी येताना काही घेऊन येऊ नका," दातवाली म्हणाली. "गोळी नको, शेक नको. दुखतंय तशाच या. नाहीतर त्यांना काही दिसत नाही."

बाईने तिच्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. "दुखतंय तशीच निघाले, तर मी येणार कशी?"

दातवालीने पाण्यातला एक हात बाहेर काढला, निथळत, अजून न उघडलेला, आणि त्याच हाताने बाकावर शेजारी जागा दाखवली.

"बसा," ती म्हणाली. "उठवायला हे आहेत. चार महिने आहेत आपल्याकडे. तुमच्या ओळखीत गाडी कोणाची आहे, आणि त्याच्यापासून तुम्ही काय लपवलंय, ते आधी सांगा."